ड्रममधला शेंबूड

दिपेशच्या ड्रमच्या नळातून आधी पाणी आलं, मग पाणी थांबलं, आणि मग जे आलं त्याला शेंबूड याखेरीज माझ्याकडे शब्द नाही. वीतभर लांबीची जाड, पांढुरकी तार नळाच्या तोंडाशी लोंबत राहिली. दिपेशने बादली हलवली तशी तीही हलली, पण तुटली नाही. त्याने काडीने ती ओढायचा प्रयत्न केला तर काडीबरोबर हातभर लांबली. वास आंबलेल्या भाताच्या पेजेसारखा, त्यात कसलासा गोडसर दर्प. मी समोरच्या फ्लॅटच्या दारात उभी होते, संध्याकाळचा चहा हातात घेऊन. तो चहा मी बेसिनमध्ये ओतला.

मला किळस फार लवकर येते. पंगतीत शेजारच्याने ताटात हात झाडला तरी माझं जेवण तिथेच संपतं. दुसऱ्याचा कंगवा, दुसऱ्याचा टॉवेल, हॉटेलातला ओला ग्लास, यातलं काहीही मला चालत नाही. आणि नोकरी मात्र जंतूंची. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत टूथपेस्टचा एक छोटा कारखाना आहे, तिथे मी नऊ वर्षं मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. नवरा म्हणतो, संजना, तुला हे काम जमतं तरी कसं? मी म्हणते, जंतू प्लेटमध्ये असतात आणि प्लेटला झाकण असतं. माणसांना झाकण नसतं.

आमची इमारत भाईंदरमध्येच, इंद्रलोक भागात आहे. चार मजले, वीस बिऱ्हाडं, लिफ्ट आहे पण चालेल याची हमी नाही. प्यायचं पाणी दिवसाआड येतं, सकाळी अकरा ते बारा, आणि तेही प्रत्येक मजल्यावरच्या पॅसेजमधल्या एकाच नळाला. त्या वेळी घरी असतं कोण? सगळे कामावर. म्हणून प्रत्येकाने दारासमोर पॅसेजमध्ये एक ड्रम ठेवलाय आणि तो भरायला शांतीबाई आहेत. वरसावेहून बस पकडून येतात, जिने झाडतात, टाकी बघतात, आणि पाणी आलं की लांब पाईप घेऊन एकेक ड्रम भरत वरून खाली येतात. अकरा वर्षं हे काम त्यांच्याकडे आहे. साठीच्या आसपासच्या, काटक. कधीकाळी त्यांच्या सासऱ्यांचं मिठागर होतं. आता घरात त्या आणि दहावीतली नात चांदणी, आणि कमावत्या त्या एकट्याच.

त्या मशेरी लावतात. भाजलेल्या तंबाखूची काळी पूड बोटावर घेऊन दातांवर घासतात, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून, डोळे मिटून, अगदी समाधीत. मी वरून उतरताना ते बोट दिसलं की भिंतीच्या बाजूने जायची.

आता ड्रमचं सांगते. पूर्वी आमच्या इमारतीत मोठ्या तोंडाचे, जुने, चिरलेले, कुठे पत्र्याचे, कुठे प्लास्टिकचे असे सतरा तऱ्हेचे ड्रम होते. मार्चमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी गुणवंतभाई म्हणाले, सगळे एकसारखे असले तर किती छान दिसतील. मी लगेच पुढे झाले. आमच्या कारखान्यात सॉर्बिटॉल ड्रमांतून येतं. दोनशे लिटरचे निळे, जाड, मजबूत ड्रम. रिकामे झाले की धुऊन मागे रचून ठेवतात. मालकांना विचारून मी एकोणीस ड्रम मिळवले, फुकट. टेम्पोतून उतरवले तेव्हा गुणवंतभाईंनी माझ्यावर फोटोंचा पाऊस पाडला. प्लंबरने खाली पितळी नळ बसवून दिले. वर दोन इंचांचं तोंड, त्याला फिरकीचं झाकण. पाईप घालायचा, भरायचं, झाकण फिरवायचं.

एकोणीसच का, वीस का नाही? कारण विसावं घर माझं. मी दुकानातून आणलेला पांढरा, मोठ्या तोंडाचा ड्रम ठेवला. कुणी वापरलेला ड्रम आणि त्यातलं पाणी मी पिणार, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. लोकांना मात्र तेच ड्रम मी दारोदार फिरून समजावले. हंसाबेननी, म्हणजे दिपेशच्या आईने, विचारलं होतं, "एमां शुं हतुं पहेलां? काय होता यामदी?" मी म्हणाले, सॉर्बिटॉल. साखरेचं चुलत भावंड. टूथपेस्टला गोडी आणतं, पेस्ट वाळू देत नाही, दात किडवत नाही. शुगरफ्री आहे, मुंगीसुद्धा लागत नाही, जंतू कुठला लागायला?

शांतीबाईंनी ड्रमभोवती एक फेरी मारली होती आणि त्या दोन इंचांच्या तोंडात चार बोटं घालून बघितली होती.

"बाय, यात माझा हात जात न्हाय. घासू कशी?"

"हात जात नाही तेच बरं, शांतीबाई. जास्त हायजीनिक."

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, बाईंना कळलं.

तर तीन आठवड्यांनी सोमवारी संध्याकाळी दिपेशच्या नळातून ती तार आली. तिसऱ्या मजल्यावरची बाकीची दारं उघडली. प्रत्येकाने आपापला नळ सोडून बघितला आणि प्रत्येकाच्या नळाला काही ना काही लोंबलं, कुणाकडे तार, कुणाकडे गोळा. खालच्या मजल्यावरून शैलाताई ओरडत वर आल्या, त्यांच्या पातेल्यात दह्याच्या निवळीसारखं काहीतरी तरंगत होतं. मग एकेकाला आठवायला लागलं. हंसाबेनचं पोट तीन दिवस बिघडलेलं, शैलाताईंच्या मुलाला उलट्या, चौथ्या मजल्यावर दोघांना जुलाब. म्हणजे हे आपण प्यायलो? सगळ्यांचे चेहरे एकाच वेळी बदलले. शैलाताई तोंडावर पदर धरून बाथरूमकडे पळाल्या.

"मॅडम, आपका ड्रम?" दिपेशने मला विचारलं.

मी माझा नळ सोडला. स्वच्छ, गार, नितळ पाणी.

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या मनात ड्रमचा संशय आला होता का? खरं सांगते, त्या क्षणी नव्हता आला. पण काहीतरी बोलायला हवं होतं, मी मायक्रोबायोलॉजिस्ट, माझंच पाणी चांगलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हणाले, "शांतीबाई मशेरीचं बोट धुतात तरी का कोण जाणे. त्याच हाताने पाईपचं तोंड धरतात."

बस. एवढंच वाक्य. तासाभरात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते फिरत होतं, माझं नाव गळून पडलं होतं आणि वाक्याला पाय फुटले होते. मशेरीवाली थुंकी लावून पाईप बसवते. मशेरीवाली ड्रममध्ये हात धुते. कुणी उलटीचे चेहरे टाकले, कुणी नळाच्या तारेचा व्हिडिओ. दुसऱ्या दिवशी गुणवंतभाईंची नोटीस आली: रविवारी सकाळी अकरा वाजता पार्किंगमध्ये मीटिंग, विषय, पाणी भरणारी बाई बदलणे.

मंगळवारी मी दिपेशच्या नळातून नमुना घेतला. निर्जंतुक बाटलीत घेतला, हातमोजे दोन जोड घातले, तरी बाटली पर्समध्ये ठेवताना अंगावर काटा आला. लॅबमध्ये तो प्लेटवर लावला. माझी अपेक्षा होती तोंडातले, हातावरचे जंतू दिसतील. तेवढं दिसलं की मी म्हटलेलं खरं.

बुधवारी प्लेट उघडली. तोंडातलं, हातावरचं असं नाव घेण्यासारखं काही नव्हतं. सगळी प्लेट एकाच जातीच्या ठिपक्यांनी भरलेली. मोठे, फुगलेले, ओले, गुलाबी थेंब, एकमेकांत वितळत चाललेले. लॅबच्या धातूच्या तारेचं टोक लावून उचललं तर दिपेशच्या नळासारखीच लाळ लांबली. क्लेबसिएला. मातीत, पाण्यात, पाईपात, कुठेही दोनचार असायचेच. पण इतके? खायला काय मिळालं त्यांना? मग एका नळीत नुसतं सॉर्बिटॉल, पाणी आणि आम्ल तयार झालं की पिवळा पडणारा लाल रंग ठेवून त्यात ते सोडले. गुरुवारी सकाळी नळीतला लाल रंग पिवळा झाला होता आणि आतल्या उलट्या छोट्या नळीत वायूचा बुडबुडा अडकला होता. म्हणजे खाल्लं, पचवलं आणि ढेकरही दिली.

मी स्टुलावर बसले. एम.एस्सी.ला माझा प्रबंध होता नव्वद पानांचा, याच विषयावर. जंतूंमधले सॉर्बिटॉल आत घेणारे आणि पचवणारे जीन.

या जीनची जंतूच्या अंगात एक रांगच असते, पाचसहा जणांची, एकाला लागून एक. पहिले काही मिळून दार बनवतात, फक्त सॉर्बिटॉलसाठी. दार मोठं लबाड. आत घेता घेताच त्याला फॉस्फेट चिकटवतं, की आलेला पाहुणा पुन्हा बाहेर जाऊ शकत नाही. त्याच्या पुढचा जीन एक एन्झाइम बनवतो. ते या अडकलेल्या सॉर्बिटॉलची फ्रुक्टोजच्या घराण्यातली साखर करतं, आणि मग ती जंतूच्या रोजच्या चुलीवर शिजते. रांगेतले उरलेले राखणदार. सॉर्बिटॉल नसेल तेव्हा सगळी रांग बंद, आलं की उघडायची. कारण नसताना चूल पेटती ठेवायला जंतू काही आमच्या सोसायटीसारखे उधळे नसतात. हे सगळं मी परीक्षकांसमोर पंचेचाळीस मिनिटं घडाघडा बोलले होते. आणि हंसाबेनना सांगितलं, शुगरफ्री आहे, जंतू कुठला लागायला.

पण का सांगितलं तेही कळलं. कारखान्यात सॉर्बिटॉल येतं ते दाट, मधासारखं. इतक्या दाट पाकात जंतू जगत नाही, त्याच्याच अंगातलं पाणी पाक ओढून घेतो. नऊ वर्षं दर महिन्याला मी तो पाक तपासलाय आणि नऊ वर्षं रजिस्टरात एकच शब्द लिहिलाय: निरंक. नऊ वर्षं निरंक लिहून लिहून माझी समजूत झाली की त्यात काही वाढतच नाही. अरे, पण मुरांबा वर्षभर टिकतो म्हणून त्यात कुणी ओला चमचा घालतं का? माझ्या आईने चौथी पास होऊन जे कधी केलं नाही, ते मी एम.एस्सी. होऊन एकोणीस ड्रमांत केलं.

तरी मनाला वाटत होतं, ड्रम धुतलेले होते की. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी कारखान्याच्या मागे गेले. तिथे ड्रम धुवायची मोरी आहे. नऊ वर्षांत मी तिकडे पाऊल टाकलं नव्हतं, वास येतो म्हणून. रामनाथ, आमचा ड्रम धुणारा, डबा खात बसला होता. जुना कामगार, केस पिकलेले.

"रामनाथ, ड्रम कसे धुता?"

"दोन पानी मारतो, मॅडम. हलवतो, ओततो, झाकन लावतो."

"पूर्ण साफ होतो?"

तो हसला. "दोन पान्यात कुठला? खाली काठाला पेलाभर राहतोच. तोंड एवढंसं, आत ब्रश जात नाय. दाट हाय तंवर कायच होत नाय. पानी लागला की मग शेंबूड धरतो." त्याने चपातीच्या तुकड्याने मोरीकडे बोट दाखवलं. "ती बघा ना. रोज खरवडतो मी."

मी बघितलं. मोरीच्या भिंतींना, जाळीला, पाईपच्या कोपऱ्याला तीच पांढुरकी, थरथरणारी जाड साय. खाली नाल्यात तिच्या झिरमिळ्या पाण्याबरोबर हलत होत्या. दिपेशच्या नळातली तार इथे नऊ वर्षं माझ्यापासून तीस पावलांवर वाढत होती, आणि माझी किळस मला तिथपर्यंत जाऊ देत नव्हती. मी भिंतीला धरून ओकले. रामनाथने डबा झाकला आणि मला तांब्याभर पाणी दिलं. ते मी प्यायले नाही.

आता काय करायचं होतं ते स्पष्ट होतं. ग्रुपवर चार ओळी लिहायच्या: ड्रमांत सॉर्बिटॉल राहिलं होतं, चूक माझी, ड्रम काढून टाका, शांतीबाईंचा संबंध नाही. गुरुवारी संध्याकाळी मी त्या चार ओळी लिहिल्या. पुसल्या. शुक्रवारी पुन्हा लिहिल्या. त्यातली "ड्रम काढून टाका" एवढी ओळ पाठवली, "तोवर पाणी उकळून प्या" असं पुढे जोडून. लोकांनी लगेच हात जोडले, थँक यू मॅडम, किती काळजी करता. चोर सोडून संन्याशाला फाशी देणाऱ्यांनी चोरालाच नमस्कार घातला.

नवऱ्याला, अभिनवला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मालकांचं नाव येईल. तुझी नोकरी जाईल. आणि त्या बाईला काय, दुसरीकडे काम मिळेल." हे वाक्य ऐकून मला त्याची किळस आली. मग लक्षात आलं की गुरुवारपासून मी स्वतःला हेच सांगत होते, फक्त थोड्या बऱ्या शब्दांत.

शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात शांतीबाई. पदर खोचलेला, चेहरा सुकलेला. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी उजवा हात पुढे केला, तळवा वर.

"बाय, तुमी जंतू बघता ना? माझा हात तपासा."

"कशाला, शांतीबाई?"

"लोक बोलतान मशेरीचा हात पान्याला लावला. मी साबनानं धुतंय, मगच पाईप धरतंय. देवाशपथ. पन माझा कोन ऐकतंय? तुमच्या मशीनचा ऐकतील. तुमी उद्या सांगा सगल्यांना. हा काम गेला तर पोरीची शाळा कशी करू मी?"

सांगायचं तर हीच वेळ होती. दोघीच होतो. शांतीबाई, तुमचा हात तपासायची गरज नाही, ड्रम माझे आहेत. एवढंच. तोंड उघडलं आणि मी म्हणाले, "थांबा, मी साहित्य आणते."

आतून कापसाची काडी आणली. आणि हातमोजे. सवयीने घातले, चटचट आवाज करत. शांतीबाई हातमोज्यांकडे बघत होत्या. मी त्यांचं बोट धरून काडी फिरवली, नखाच्या कडेला काळसर रेघ होती, माझी मान आपोआप वळली आणि तेही त्यांना दिसलं असणार, कारण त्यांनी हात जरा लवकरच मागे घेतला. त्या गेल्यावर मी काडी कचऱ्यात टाकली. तपासायचं काय होतं? कुणाच्याही हातावर जंतू सापडतात, माझ्याही. ज्या तपासणीचा काही उपयोग नाही, ती मी एका बाईच्या तोंडावर, हातमोजे घालून केली, फक्त एक वाक्य बोलायचं टाळण्यासाठी. त्या रात्री मी जेवले नाही. स्वतःच्या हाताने कालवलेला भातही मला खाववेना.

रविवारी अकरा वाजता पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. शांतीबाई खांबाजवळ उभ्या. त्यांना कुणी खुर्ची दिली नाही, त्यांनी मागितलीही नाही. गुणवंतभाईंनी सुरुवात केली. "देखो, बात सिंपल है. हायजीन में कॉम्प्रोमाइज नहीं. नई बाई दिपेशभाई लाएंगे."

मग एकेकजण उठून आपल्या नळातून काय आलं त्याचं वर्णन करू लागला. लोकांना घाणीचं वर्णन करायला किती आवडतं हे मला त्या दिवशी कळलं. शैलाताईंनी तर हातांनी लांबी दाखवली. प्रत्येक वर्णनाच्या शेवटी नजर खांबाकडे. शांतीबाई माझ्याकडे बघत होत्या, फक्त माझ्याकडे.

मी उठले. "दिपेशच्या पाण्याची तपासणी गुरुवारी पुरी झाली," मी म्हणाले. "जंतू हाताचे नाहीत. सॉर्बिटॉल खाणारे आहेत. त्यांच्यात जीनची एक रांग असते, ती सॉर्बिटॉल दिसलं की चालू होते, आणि..."

"मॅडम, सिंपल में बोलो," दिपेश म्हणाला.

"ड्रममध्ये कारखान्याचा पाक राहिला होता. नीट धुतलेले नव्हते. मी बघितलं नाही. दाट पाकात जंतू वाढत नाहीत, पाण्यात पातळ झाला की वाढतात. हे मला माहीत असायला हवं होतं, मी हेच शिकलेय. ड्रम मी आणले. चूक माझी आहे."

गुणवंतभाई हसले. "संजना मॅडम का दिल बड़ा है. बाई को बचा रही हैं." दोनतीन माना हलल्या. हो हो, मॅडम मुळातच भावनाप्रधान.

"मला दिलबिल काही नाही!" माझा आवाज चढला. "माझं पाणी स्वच्छ का आहे विचारा. मी तुमच्यातला ड्रम घेतला नाही. मला वापरलेला ड्रम नको होता, घाण वाटत होती, म्हणून स्वतःसाठी दुकानातून नवा आणला आणि तुम्हाला वापरलेले दिले. आणि ते मशेरीचं वाक्य, तेसुद्धा माझंच. सोमवारी मीच बोलले. दिपेश, तू होतास."

आता मात्र त्यांचे चेहरे बदलले. हंसाबेननी खुर्ची माझ्यापासून इंचभर लांब सरकवली, मी बघितलं. बरं वाटलं मला. निदान योग्य ठिकाणी घाण दिसली.

शैलाताई मात्र खुर्चीत चुळबुळत म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे हो. पण मशेरी ती मशेरीच. एकदा मनात आलं की जात नाही."

बऱ्याच जणांनी मान डोलावली. मला ते ओळखीचं होतं, माझ्याही मनातून ते गेलं नव्हतं. आणि मग माझ्या डोक्यात एक भव्य कल्पना आली. आपण किती प्रामाणिक झालो आहोत याची झिंग चढली होती ना. तिथेच वॉचमनच्या टेबलावर स्टीलचा ग्लास होता. तो नळाच्या पाण्याने भरला, शांतीबाईंसमोर धरला.

"बोट घाला यात."

त्यांनी हात पदराखाली घेतला.

"घाला, शांतीबाई. सगळ्यांना बघू दे."

त्यांनी बोट घातलं, तेच, उजव्या हाताचं. पाण्यात एक तपकिरी कण सुटून गोल फिरला. मी डोळे मिटले आणि सगळा ग्लास घटाघट प्यायले. मागे कुणीतरी "ईऽऽ" केलं. माझ्या घशाशी सगळं आलं होतं, ते मी दोन वेळा गिळलं. मग एका कोपऱ्यातून टाळी वाजली, मग दुसरी.

गुणवंतभाई खूश झाले. "चलो, मॅटर खतम! शांतीबाई काम पे रहेंगी. ड्रम मॅडम बदल देंगी."

मी शांतीबाईंकडे बघून हसले. मला वाटलं होतं त्या रडतील, हात जोडतील. त्यांनी पदराला बोट पुसलं, सावकाश.

"अकरा वर्सं माझ्या हातचा पानी पिताव तुमी," त्या म्हणाल्या, सगळ्यांना नाही, मला. "आज लोकांना दाखवून प्यायलात, होय?"

टाळ्या थांबल्या.

"आनि तुमचा पानी चांगला हाय तो ड्रम नवा हाय म्हनून न्हाय, बाय. त्याचा तोंड मोठा हाय. माझा हात जातंय त्यात. आठवड्याच्या आठवड्याला खांद्यापरयंत हात घालून घासतंय मी, काथ्यानं. याच हातानं. यांच्या ड्रमात हात जात न्हवता. तुमाना मी बोलली होती."

दर आठवड्याला. मी कामावर असताना. त्या हाताने, खांद्यापर्यंत.

"गुरवारी कलला ना तुमाना?" त्यांनी विचारलं. "मग काल माझा हात धरलात, तवा म्हायती होता?"

खोटं बोलायला जागाच नव्हती. "हो," मी म्हणाले.

"किलस येते मानसाला. तुमाना माझी आली, मी काय बोलली न्हाय." त्यांनी खांबाशी ठेवलेली आपली पिशवी उचलली. "पन आता मना तुमची येते."

त्या गेटकडे चालायला लागल्या. "अरे, बाई, सुनो तो, काम है आपका!" गुणवंतभाई ओरडले. त्यांनी वळून बघितलं नाही. बसस्टॉपच्या दिशेने त्यांची हिरवी साडी भिंतीमागे गेली.

लोक उठून खुर्च्या रचायला लागले. ग्लास अजून माझ्या हातात होता. गुणवंतभाई माझ्याजवळ आले, पण नेहमीपेक्षा दोन पावलं लांब थांबले.

"मॅडम," ते म्हणाले, "कल पानी कौन भरेगा?"